पाळीची वेळ आणि परतीची गाडी

कामाची वेळ चुकूं नये म्हणून मनुष्य घरून लवकर निघूं शकतो. परंतु काम सुटल्यावर घरीं केव्हां पोंचावें, हें त्याच्या हातीं नसतें. फाटकाबाहेर त्या वेळीं गाडी उभी आहे कीं नाहीं, यावर तें अवलंबून असतें. रात्रीचे दहा वाजले आहेत, पाळी बदलली आहे, हातांतलें काम दुसऱ्याच्या हवालीं झालें आहे, आणि शेवटची गाडी साडेनवालाच निघून गेली आहे, असें समजूं या. आतां त्या मनुष्यापुढें तीन वाटा उरतात. कोणाच्या तरी दुचाकीवर मागें बसून जावें, गच्च भरून येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपची वाट पाहावी, किंवा पहांटेपर्यंत कामाच्या ठिकाणींच एखाद्या बांकावर पडून राहावें. ती व्यक्ति स्त्री असेल, तर चौथी वाट तिच्या घरचीं माणसें सुचवितात. ती वाट नोकरी सोडण्याची असते.

पाळीनें काम करणाऱ्यांसाठीं गाड्यांची आंखणी कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहतां आगारांतल्या कारकुनाचा वाटतो. वस्तुतः तो सर्वांचा आहे. रुग्णालयांत रात्रभर जागणारी परिचारिका, वीजकेंद्रांतील यंत्रचालक, साखर कारखान्यांत रस आटविणारा कामगार, यांच्या जागरणावर इतरांची झोंप विसंबलेली असते. अशा माणसांची ने-आण नीट झाली नाहीं, तर तीं प्रथम थकतात, नंतर गैरहजर राहूं लागतात आणि अखेर काम सोडून जातात. मग त्यांच्या जागीं आलेल्या नवख्या हातांचा परिणाम रोग्यांना आणि वीज वापरणाऱ्या घरांनाही भोगावा लागतो.

हा प्रश्न बीड जिल्ह्यापुरता घेऊन पाहिला, तर त्याचें स्वरूप अधिक स्पष्ट होतें. जिल्ह्याचे तालुके अकरा, क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या २५,८५,०४९. त्या शिरगणतींत पांचांपैकीं सुमारें चार माणसें खेड्यांत राहत असल्याचें दिसून आलें. परळी वैजनाथ हें आगगाडीचें जुनें जंक्शन खरें. परंतु जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बीड, तेथें आगगाडी पोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंवर बीड नगराचा सारा व्यवहार सडकेवरच चालत होता. सार्वजनिक मोटारगाडीचा येथील इतिहासही लहान नाहीं. हैदराबाद संस्थानांत १९३२ सालीं निजामाच्या रेल्वेनें २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन मोटार-वाहतुकीचें खातें उघडलें. शेजारच्या मुंबई प्रांतांत सरकारी गाडी प्रथम धांवली ती १ जून १९४८ रोजीं, अहमदनगर आणि पुणें यांच्या दरम्यान. पुढें १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६१ मध्यें मराठवाड्याची वाहतूक राज्याच्या एकाच मार्ग परिवहन महामंडळांत मिळाली. बीड विभागाचीं आगारें आठ आहेत: बीड, गेवराई, माजलगांव, धारूर, परळी, अंबाजोगाई, पाटोदा आणि आष्टी.

एस. टी. च्या वेळापत्रकांचा मूळ सांगाडा बाजार, कचेरी आणि शाळा या तिघांनीं घडविला. सकाळीं खेड्यांतून तालुक्यास यावें आणि सायंकाळीं परत जावें, हा त्यांचा क्रम. जो मनुष्य दहाला येतो व पांचला सुटतो, त्याच्या सोयीचीच ही आंखणी होती, आणि तिच्या काळीं ती रास्तही होती. परंतु पुढें जिल्ह्यांत निराळ्या प्रकारचीं कामें आलीं. परळीचें औष्णिक वीजकेंद्र १९७१ सालीं चालू झालें. अंबाजोगाईस सत्तरच्या दशकांत ग्रामीण भागासाठीं वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें मोठें रुग्णालय उभें राहिलें. उंसाचे कारखाने आले. कापसाच्या हंगामांत दिवसरात्र चालणाऱ्या जिनिंग गिरण्या वाढल्या. या कामांना दहा आणि पांच हे आंकडे ठाऊक नाहींत. तेथें दिवसाचे तीन भाग पडतात, आणि प्रत्येक भागाच्या सांध्यावर कांहीं माणसें आंत जातात व तितकींच बाहेर येतात. वेळापत्रकांत मात्र या सांध्यांना क्वचितच स्थान मिळालें.

अशा कामगारांची सोय करण्याचे दोन जुने उपाय महाराष्ट्रानें अनुभविले आहेत. पहिला उपाय घरच कामाजवळ नेण्याचा. मुंबईच्या गिरणगांवांत गिरणीच्या भोंवतीं चाळी उठल्या, आणि भोंगा झाला कीं माणसें पायींच फाटकांत शिरत. वीजकेंद्रांच्या वसाहती याच विचाराच्या. परळीसही तशी वसाहत झाली. या उपायांत गाडीचा प्रश्नच उरत नाहीं. पण वसाहतींतली खोली कायम नोकरांना मिळते; कंत्राटी कामगार, सफाई करणारी स्त्री, किंवा फाटकावरचा पहारेकरी यांचें घर बहुधा दूरच्या खेड्यांत राहतें. दुसरा उपाय मोठ्या कारखान्यानें स्वतःच्या गाड्या ठेवण्याचा. पिंपरी-चिंचवडच्या आणि वाळूजच्या रस्त्यांवर पाळीच्या वेळीं कारखान्यांच्या गाड्यांची रांग लागते, ती यामुळेंच. जेथें एका छताखालीं हजारों माणसें काम करतात, तेथें हें परवडतें. बीडसारख्या जिल्ह्यांत बहुतेक कामाचीं ठिकाणें लहान. एका ठिकाणीं तीस माणसें, दुसऱ्या ठिकाणीं पन्नास, तिसऱ्या ठिकाणीं वीस. यांपैकीं कोणालाही स्वतःची गाडी झेपत नाहीं, आणि तिघांनाही गाडी लागते. म्हणून येथें तिसरा उपाय शोधावा लागतो. तो म्हणजे गाडी सर्वांची एक ठेवून, वेळा एकमेकींस जुळतील अशा लावणें.

हें कसें साधतें, तें शाळेंतल्या साध्या हिशेबानें पाहतां येईल. एका सडकेवर तीन कामाचीं ठिकाणें आहेत, प्रत्येक ठिकाणीं चाळीस माणसें आहेत, आणि तीं सर्व वीस किलोमीटरवरच्या एका गांवांतून व त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून येतात, असें धरावें. गाडींत आसनें चाळीस. जाण्यास चाळीस मिनिटें, येण्यास चाळीस, आणि दोन्ही टोंकांस चढ-उतारासाठीं पांच-पांच; म्हणजे एक पूर्ण फेरी दीड तासाची. आतां तिन्ही ठिकाणांचें काम आठ वाजतां सुरू होत असेल, तर एकाच वेळीं तीन गाड्या लागतील. त्या तिन्ही गाड्या सकाळीं एकदां भरतील आणि मग दिवसभर उभ्या राहतील. परंतु एका ठिकाणाचें काम सातला, दुसऱ्याचें साडेआठला आणि तिसऱ्याचें दहाला सुरू झालें, तर हिशेब पालटतो. एकच गाडी गांवांतून ६ वाजून ५ मिनिटांनीं निघते आणि पावणेसातला पहिल्यांना पोंचविते. परत फिरून ती ७ वाजून ३५ मिनिटांनीं दुसऱ्यांना घेते, आणि ९ वाजून ५ मिनिटांनीं तिसऱ्यांना. प्रत्येक वेळीं काम सुरू होण्यापूर्वीं पंधरा मिनिटें हातांत राहतात. आठ तासांनंतर तिन्ही ठिकाणें तीनला, साडेचारला आणि सहाला सुटतात. तीच गाडी सव्वातीन, पावणेपांच आणि सव्वासहा या वेळीं त्यांना परत नेते. तीन गाड्यांचें काम एका गाडीनें झालें.

परंतु या हिशेबांत एक खांच आहे, आणि आंखणी करणारे पुष्कळदां तेथेंच फसतात. गाडी एक पुरली. तिच्यावरचीं माणसें मात्र एकच जोडी पुरत नाहीं. सकाळीं सहा-पांचला निघालेली गाडी सायंकाळीं ६ वाजून ५५ मिनिटांनीं गांवीं पोंचते. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत हा पसारा जवळजवळ तेरा तासांचा झाला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें चालकाच्या कामास दिवसाचे आठ तास आणि सर्व विश्रांति धरून एकूण बारा तासांचा पसारा अशी मर्यादा घालून दिली होती. ती मर्यादा उगीच नव्हती. चालक आणि वाहक हेही पाळीचेच कामगार होत. दुसऱ्यांच्या सोयीसाठीं त्यांची झोंप मोडली, तर घाटांतल्या वळणावर तिची किंमत चाळीस प्रवाशांना द्यावी लागेल. म्हणून सकाळची जोडी वेगळी व दुपारची वेगळी, हें आरंभींच धरून चालावें. मधल्या वेळीं गाडी रिकामी ठेवण्याचें कारण नाहीं. शाळा सुटण्याची, बाजाराची आणि रुग्णालयांत बाहेरच्या रोग्यांना तपासण्याची वेळ नेमकी तीच असते.

जेथें काम अखंड चालतें, तेथें आणखी एक बारकावा आहे. कचेरीची गाडी सकाळीं भरून येते आणि परत जातांना रिकामी जाते. तीन पाळ्यांच्या ठिकाणीं मात्र येणारे उतरतात आणि सुटलेले चढतात; गाडी दोन्ही बाजूंनीं भरते. वाहतुकीच्या भाषेंत ज्याला भारमान म्हणतात, तें अशा फेरीचें चांगलें असूं शकतें. तरीही या फेऱ्या बुडीत निघतात, आणि त्याचें कारण बहुधा पांच-दहा मिनिटांचें असतें. परिचारिका पाळीची वेळ होतांच निघूं शकत नाहीं. कोणत्या रोग्यास कोणतें औषध दिलें, कोणाचा ताप चढला, कोणाची सलाईन संपत आली आहे, हें सर्व पुढच्या परिचारिकेस सांगूनच तिला बाहेर पडतां येतें. वीजकेंद्रांतील यंत्रचालकाचेंही तेंच. म्हणजे येणाऱ्यांनीं पाळीपूर्वीं पंधरा मिनिटें पोंचलें पाहिजे, आणि जाणाऱ्यांना पाळीनंतर वीस मिनिटें लागणार. गाडी या दोन क्षणांमध्यें पस्तीस मिनिटें फाटकाशीं उभी राहिली, तरच ती दोघांच्याही उपयोगाची. ती माणसें उतरवून लगेच परत फिरली, तर कागदावर फेरी पूर्ण होते, आणि आंतलीं माणसें बाहेर येतात तेव्हां वरातीमागून घोडें अशी त्यांची गत होते. अशी गाडी महिनाभर रिकामी परतली कीं प्रवासी नाहींत असा शेरा पडतो आणि फेरी बंद होते. वस्तुतः प्रवासी होते. गाडीनें त्यांची वाट पाहिली नव्हती.

रात्रीच्या शेवटच्या आणि पहांटेच्या पहिल्या फेरीसाठीं नवीन युक्ति शोधण्याची गरज नाहीं. ती एस. टी. पाशीं जुनीच आहे. मुक्कामी गाडी ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. सायंकाळीं ती शेवटच्या गांवास जाते, रात्रीं तेथेंच राहते आणि सकाळीं पहिले प्रवासी घेऊन तालुक्यास येते. हिच्या वेळा बाजाराऐवजीं पाळीशीं जुळविल्या, तर दुपारच्या पाळीचीं माणसें रात्रीं घरीं पोंचतील, आणि त्याच गांवचीं सकाळच्या पाळीचीं माणसें पहांटे तिनेंच कामावर येतील. आगारापासून गांवापर्यंतच्या दोन रिकाम्या फेऱ्यांचें तेल वांचेल. मात्र त्या गांवानें चालक-वाहकांच्या निजण्याची, पाण्याची आणि शौचाची चांगली सोय केली पाहिजे. देवळाच्या ओसरीवर किंवा गाडींतल्याच आसनांवर त्यांनीं रात्र काढावी आणि पहांटे ताज्या डोळ्यांनीं गाडी हांकावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिवाय रात्रीं दहाला निघालेल्या गाडीच्या माणसांनीं पहांटे पांचलाच पुन्हां उठूं नये. अशा गांवीं पहांटेची जोडी वेगळी असावी, किंवा त्याच गांवच्या नोकरांस ती पाळी द्यावी.

आंखणीची सुरुवात कोठून करावी, याविषयींही विचार झाला पाहिजे. रूढ पद्धति अशी कीं चालू गाड्यांतील प्रवासी मोजावे आणि गर्दी असेल तेथें गाडी वाढवावी. पण जी गाडी मुळांतच नाहीं, तिचे प्रवासी कोणत्याही मोजणींत येत नाहींत. ते दुचाकीवर असतात, जीपमध्यें असतात, किंवा नोकरी सोडून घरीं बसलेले असतात. म्हणून मोजणी थांब्यावर न करतां कामाच्या ठिकाणीं करावी. प्रत्येक ठिकाणच्या हजेरीपुस्तकावरून तीन गोष्टी उतरून घ्याव्या: मनुष्य रात्रीं कोणत्या गांवीं निजतो, त्याची पाळी प्रत्यक्षांत केव्हां सुटते, आणि आज तो घरीं कसा जातो. पाळी आठवड्यानें बदलत असेल, तर चारही आठवड्यांची नोंद घ्यावी. कारण एका आठवड्यांत सकाळीं असलेला मनुष्य पुढच्या आठवड्यांत रात्रीं असतो. अशी यादी हातीं आली कीं फाटक सुटण्याच्या वेळेपासून मागें मोजीत यावें. प्रथम परतीची गाडी ठरवावी, मग जाण्याची. जाण्यास माणूस कशी तरी सोय करितो. दिवस उजाडत असतो, रस्त्यावर वर्दळ वाढत असते. परततांना अंधार असतो आणि अंगांत त्राण नसतें.

वेळापत्रक एकदां केलें म्हणजे कायमचें झालें, असेंही समजूं नये. उंसाचें गाळप सामान्यतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतें आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपतें. जिनिंगचा हंगाम कापसाबरोबर येतो आणि कापसाबरोबर जातो. परळीचें वीजकेंद्रही सदा सारख्या गतीनें चाललें नाहीं. पाण्याच्या दुष्काळानें तें २०१५ च्या जुलैंत बंद ठेवावें लागलें होतें. जुने संच निघाले आणि २५० मेगावॅटचे तीन संच उरले. म्हणून वर्षांतून निदान दोनदां, हंगामापूर्वीं आणि हंगामानंतर, आगारप्रमुख आणि कामाच्या ठिकाणांचे व्यवस्थापक यांनीं एकत्र बसून वेळा तपासाव्या. या बैठकींत कामगारांचा एक आणि स्त्री-कामगारांचा एक प्रतिनिधि असावाच. कारण थांब्यावर दिवा नाहीं, किंवा थांबा वस्तीपासून दूर ओढ्याच्या कडेला आहे, हें व्यवस्थापकाला कागदावर दिसत नाहीं. रात्रीं तेथें एकटी उतरणारी स्त्री तें एका वाक्यांत सांगते.

स्त्रियांचा उल्लेख येथें केवळ सौजन्यानें केलेला नाहीं. १९४८ च्या कारखाने कायद्यानें मूळ तरतुदींत सायंकाळीं ७ पासून सकाळीं ६ पर्यंत स्त्रियांना कारखान्यांत काम देण्यास मनाई केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेनें स्त्रीची संमति आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर रात्रीचें काम मोकळें केलें. कायद्यानें दार उघडलें. परंतु त्या दारापर्यंत जाण्यास आणि तेथून सुखरूप परतण्यास गाडी नसेल, तर तें उघडें दार खेड्यांतल्या मुलीच्या काय कामाचें? संमति विचारतांना गाडीची वेळही सांगितली गेली, तरच ती संमति मोकळ्या मनाची म्हणतां येईल.

खर्चाचा प्रश्न राहतो. महामंडळाच्या मासिक पासांत वीस दिवसांच्या भाड्यांत तीस दिवसांचा प्रवास मिळतो, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना भाड्यांत निम्मी सवलत आहे. तेव्हां प्रवाशावरचा भार हलका करण्याचीं साधनें उपलब्ध आहेत. ज्या फेरीचें उत्पन्न आरंभीं कमी पडेल, तिची तूट त्या सडकेवरच्या कामाच्या ठिकाणांनीं आपापल्या माणसांच्या प्रमाणांत वांटून घ्यावी. एका ठिकाणास जी गाडी परवडत नाहीं, ती तिघांना परवडते. आणि नव्या फेरीस निदान तीन महिन्यांची मुदत द्यावी. लोकांची संवय गाडीच्या भरंवशावर बसते. जी गाडी आठ दिवस येते आणि नवव्या दिवशीं येत नाहीं, तिच्यावर विसंबून कोणीही आपली दुचाकी विकत नाहीं.

कामाच्या वेळा पुढेंमागें करून गर्दी विभागण्याची कल्पना नवी नाहीं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांत १९७० सालीं पुष्कळ कचेऱ्यांनीं आपल्या वेळा बदलून हा प्रयोग केला होता. मुंबईंत मध्य रेल्वेनें २०२३ च्या नोव्हेंबरांत स्वतःच्या कचेरींतील नोकरांसाठीं दोन निरनिराळ्या वेळा ठरविल्या आणि इतरांनींही तसें करावें अशी विनंति केली. मोठ्या शहरांत ही योजना गर्दी कमी व्हावी म्हणून होते. बीडसारख्या जिल्ह्यांत तिचा हेतु नेमका उलट आहे. येथें गर्दी फार नाहीं. गाडी भरण्याइतकीं माणसें एका वेळीं एका फाटकाशीं नसतात. वेळा अशा जुळवाव्या लागतात कीं विखुरलेलीं माणसें एका गाडींत एकत्र यावीं.

या सगळ्यास नवें यंत्र लागत नाहीं, कीं फार मोठा पैसाही लागत नाहीं. लागतें तें इतकेंच कीं पाळी ठरविणाऱ्यानें गाडीची वेळ विचारावी आणि गाडी ठरविणाऱ्यानें पाळीची. दोन कचेऱ्यांमध्यें एका पत्राचें किंवा एका बैठकीचें अंतर असतें. तें ओलांडलें गेलें नाहीं, म्हणजे वीस किलोमीटरचें अंतर एका थकलेल्या माणसाला रात्रीं स्वतःच्या जबाबदारीवर काटावें लागतें. ज्या घरांत रात्रपाळीचें कोणी नाहीं, त्या घरांनींही हा प्रश्न आपला मानावा. पुढच्या वेळीं रुग्णालयांत आप्ताच्या उशाशीं बसण्याचा प्रसंग आला, तर तेथील परिचारिकेस एवढेंच विचारून पाहावें, कीं पाळी संपल्यावर ती घरीं कशानें जाणार आहे.